शिळे मथळे

भाकरी ताजी असावी आणि पेपर शिळा असावा, असं माझं मत आहे. ताजा पेपर वाचताना छातीत धडधडतं. तोच पेपर दहा वर्षांनी वाचला की हसू येतं. बातमी तीच असते, अक्षरंही तीच असतात. फरक इतकाच, की मधल्या काळात ‘उद्या’ येऊन गेलेला असतो आणि मथळ्याने त्याच्याविषयी केलेले सगळे अंदाज त्याने चुकवलेले असतात.

आमच्या घरी शिळ्या पेपरांचा तोटा कधी पडला नाही. त्याचं कारण धार्मिक आहे. घरी दोन पेपर येत, एक मराठी आणि एक उर्दू. मराठी पेपरचं आयुष्य ठरलेलं. सकाळी अब्बा वाचणार, दुपारी तो शेजारी जाणार, संध्याकाळी परत येणार आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सुके बोंबील पसरले जाणार. नाहीतर तो चिकूच्या खोक्यात तळाला बसून परगावी जाणार. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या खोक्यात तळाला जाणाऱ्या अग्रलेखांना मात्र काही मिळालं नाही.

उर्दू पेपरचं तसं नव्हतं. त्यात कुठे अल्लाहचं नाव, कुठे आयतीचा तर्जुमा. तो पायाखाली आला, माशाखाली आला तर बेअदबी होईल म्हणून दादी त्याची नीट घडी करून माळ्यावर ठेवी. त्या आदराचा फायदा सोन्याच्या भावालाही मिळाला, क्रिकेटच्या धावसंख्येलाही मिळाला आणि पुढाऱ्यांच्या आश्वासनांनाही मिळाला. मराठी पेपरमधली आश्वासनं बोंबलाबरोबर गेली. उर्दूतली अजून माळ्यावर सुखरूप आहेत. सुट्टीत माळा आवरायला चढायचं आणि तिथेच वाचत बसायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. पुढे मी शिक्षिका झाले, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवू लागले, तरी ती गेली नाही.

बातमीच्या शीर्षकाला मराठीत ‘मथळा’ म्हणतात, माथ्यावर असतो म्हणून. उर्दूत ‘सुर्खी’ म्हणतात. सुर्खी म्हणजे लाली. जुन्या हस्तलिखितांत शीर्षकं लाल शाईने लिहीत, तिथून हा शब्द आला. मराठीने जागा पाहिली, उर्दूने रंग पाहिला. वाचणाऱ्याचं मात्र दोन्ही भाषांत एकच होतं. मथळा वाचून माथं फिरतं आणि सुर्खी वाचून डोळे लाल होतात.

जगबुडीचे मथळे मला सगळ्यांत आवडतात, कारण ते वाचायला आपण शिल्लक आहोत यातच त्यांचा निकाल असतो. १९६२ च्या फेब्रुवारीतली अष्टग्रही मला दादीकडून कळली. सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि केतू असे आठजण ३ ते ५ फेब्रुवारीला मकर राशीत एकत्र येणार आणि जगाचा शेवट होणार, अशी हवा देशभर होती. ठिकठिकाणी यज्ञ झाले. गंमत अशी, की त्याच महिन्यात तिसरी सार्वत्रिक निवडणूक होती. म्हणजे जग बुडणार ही बातमी ज्या पानावर, त्याच पानावर पाच वर्षांची आश्वासनं. मतदाराने दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवला असावा. पाच तारीख गेली, काही झालं नाही आणि त्याच आठवड्यात रमजानचा चांद दिसला. दादी म्हणायची, ‘‘कयामत टली, रोजे नहीं टले.’’

दुसरी बातमी स्कायलॅबची. अमेरिकेची ही अवकाश प्रयोगशाळा वजनाला सत्तर टनांच्या वर. ती ११ जुलै १९७९ ला पृथ्वीवर कोसळणार होती आणि नेमकी कुठे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. एवढी मोठी पृथ्वी, तिचा बराचसा भाग पाण्याखाली. पण मथळा वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, की ती आपल्याच कौलांवर पडणार. माणसाला स्वतःच्या घराचं महत्त्व एरवी कळत नाही, ते अशा वेळी कळतं. आमच्या नात्यातल्या एका चाचांनी म्हणे किराणा दुकानदाराला सांगून टाकलं, ‘‘अकरा तारखेनंतर हिशेब करू.’’ दुकानदारानेही पेपर वाचला होता, त्यामुळे तो रोखीवर अडून बसला. स्कायलॅबचे तुकडे शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावच्या पालिकेने अमेरिकेच्या नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोठावला. आकाश कोसळलं तरी पालिकेला त्यात कचराच दिसतो, हे वाचून मला फार बरं वाटलं.

तिसरी बातमी माझ्या डोळ्यांदेखतची. ऑगस्ट २००६. मुंबईत माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून हजारो माणसं किनाऱ्यावर धावली. मखदूमबाबांची करामत म्हणत लोकांनी ते पाणी प्यायलं, बाटल्यांतून घरी नेलं. महापालिका ओरडून सांगत होती, की ते पिऊ नका. पावसाळ्यात मिठी नदी आपलं गोडं पाणी, आणि त्याबरोबर शहराचं बरंच काही, तिथे आणून ओतते, हे भूगोलाच्या पुस्तकात होतं. पण भूगोल मथळ्यात येत नाही. लगेच गुजरातेत वलसाडजवळच्या तिथलच्या किनाऱ्यावरूनही तशीच बातमी आली. आता नकाशा पाहा. दक्षिणेला माहीम, उत्तरेला तिथल आणि मध्ये आमचं डहाणू. दोन्हीकडून गोडवा चालून येत असताना आमचा समुद्र तेवढा खारट राहिला. आमच्याकडे कुणी चव घ्यायलाही गेलं नाही. मच्छीमारांनी न चाखताच निकाल दिला, ‘‘गोड असता तर मासे वर आले असते.’’ शिवाय आमच्या भागात नुसतं ‘माहीम’ म्हटलं की आधी पालघरजवळचं केळवे-माहीम आठवतं. मथळा वाचून कुणी बाटली घेऊन तिकडे गेलं असतं, तर त्याला खारं पाणी आणि वर इडली-वड्याचा खर्च, एवढाच प्रसाद मिळाला असता.

शाळेत मी या मथळ्यांचा उपयोग करते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी येतं, पण ते बाजाराचं. पेपरचं मराठी वेगळं. म्हणून मी फळ्यावर एखादा मथळा लिहिते आणि विचारते, ‘‘याचा अर्थ सांगा, आणि पुढे काय झालं असेल ते लिहा.’’

एकदा लिहिलं, ‘वाढवण बंदराला मंजुरी’. वर्गात शांतता. मग मागच्या बाकावरून हात वर आला. ‘‘टीचर, बंदर को मंजूरी क्यों लगती है?’’ दुसऱ्याने विचारलं, ‘‘एकच आणणार, की पुष्कळ?’’ मी खर्चाचा आकडा सांगितला, ७६,२२० कोटी रुपये. तेव्हा पहिला अतिशय गंभीरपणे म्हणाला, ‘‘इतने में तो केले का पूरा बाग आ जाएगा.’’ मग मी त्यांना सांगितलं, की तुमच्या उर्दूतलं जे ‘बंदरगाह’ तेच मराठीतलं ‘बंदर’. दोन्हीकडे तो शब्द फारसीतून आला आहे. झाडावरचा बंदर वेगळा.

मुलं हसली, मीही हसले. पण या एका मथळ्याने आमच्या किनाऱ्यावरच्या दोन पिढ्यांना झुलवत ठेवलं आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि १९९८ मध्ये त्याने या बंदराला नकार दिला. मथळा झाला, बंदर होणार नाही. २०२० मध्ये केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली. मथळा झाला, बंदर होणार. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने हिरवा कंदील दाखवला आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. ‘होणार नाही’ वाचून कुणी नवी होडी बांधली. ‘होणार’ वाचून कुणी जमिनीचा दलाल झाला. ज्याने दोन्ही वाचले, तो पोराला म्हणतो, ‘‘तू पोलीस भरतीचा फॉर्म भर.’’ मथळ्यातून ‘नाही’ हा एक शब्द गेला. माणसाच्या घरातून त्याचा धंदा जाईल की राहील, हे मात्र त्या मथळ्यात कुठेच नसतं.

दुसरा शब्द ‘शिक्षा’. दिल्लीहून २००१ च्या सुमारास ‘सर्व शिक्षा अभियान’ आलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. माझ्या वर्गात दोन्ही भाषा राहतात, त्यामुळे तिथे दोन्ही अर्थ खरे होतात. २०१८ मध्ये त्याचं नाव ‘समग्र शिक्षा’ झालं. आधी सगळ्यांना होती, आता संपूर्ण आहे, असं एका विद्यार्थिनीने त्याचं विवेचन केलं. तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

तिसरा शब्द ‘हादरले’. मराठी पेपरांचं या शब्दावर फार प्रेम. कांद्याच्या भावाने शहर हादरतं, चोरीने गाव हादरतं, एका नगरसेवकाने पक्ष बदलला की जिल्हा हादरतो. माळ्यावरचे उर्दू पेपरही मागे नाहीत, त्यांच्याकडे ‘सनसनी’ आहे. आणि मग नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, खरोखरच जमीन हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. कुडाच्या झोपडीत राहणारी माणसं थंडीत पोरांना घेऊन उघड्यावर झोपली. तेव्हाही मथळा तोच, ‘डहाणू हादरले’. मुंबईच्या वाचकाने पान उलटलं असेल. हे डहाणू नेहमीच हादरतं, त्यात नवीन काय? शब्द आधीच खर्चून टाकला, की खऱ्या वेळी हातात काही राहत नाही.

आणखी एक मथळा बुलेट ट्रेनचा. सप्टेंबर २०१७ मध्ये साबरमतीला पायाभरणी झाली तेव्हा गाडी २०२२ मध्ये धावणार होती. मार्ग आमच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून, स्थानकं मात्र विरार आणि बोईसरला. मुलांना मी गणित घातलं. गाडीचा वेग ताशी ३२० किलोमीटर, गावाची लांबी अर्धा किलोमीटर, तर गाव किती वेळात संपेल? उत्तर साडेपाच सेकंदांच्या आसपास येतं. एकाने उत्तराखाली लिहिलं, ‘तोपर्यंत सलामसुद्धा होत नाही.’ २०२२ आलं आणि गेलं, गणित अजून वहीतच आहे. उलट १६ एप्रिल २०१३ ला चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तिच्या मथळ्यात काही सनसनी नव्हती. पण सकाळच्या त्या लोकलने आमच्याकडची पोरं मुंबईला शिकायला गेली, नोकरीला लागली. चांगले परिणाम बहुतेक वेळा अशा साध्या मथळ्यांतूनच होतात.

आता आमच्या सरावलीविषयी. आमची सरावली डहाणूची. पण याच पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ एक सरावली आहे आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यात आणखी एक. पेपरवाला मथळ्यात नुसतं ‘सरावलीत आग’ एवढंच लिहितो. मग सुरतेच्या खाला, मुंब्र्याचे मामू, भिवंडीचे फुफा, सगळ्यांचे फोन येतात. आम्ही सांगतो, ‘‘ती सरावली दुसरी.’’ फुफांना तर आम्ही सांगतो, ‘‘आग तुमच्याच बाजूला आहे, तुम्ही सांभाळा.’’ सगळे हसतात, फोन ठेवतात. आपल्या गावाचं नाव मथळ्यात यावं असं मला लहानपणी फार वाटे. नाव मथळ्यात आलं की त्याचं काय होतं, ते मी एप्रिल २०२० मध्ये पाहिलं.

टाळेबंदी सुरू होती. मार्चच्या शेवटापासून दिल्लीच्या मरकजची बातमी रोजच्या मथळ्यात होती. विषाणूला धर्म मिळाला होता. त्या दिवसांत भाजीवाल्याला भावाआधी नाव विचारलं जात असल्याच्या बातम्याही वाचल्या. आणि १६ एप्रिलच्या रात्री आमच्याच डहाणू तालुक्यात, गडचिंचले गावाजवळ, कांदिवलीहून सुरतकडे एका अंत्यविधीला निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला जमावाने ठार मारलं. चोर फिरतात, अशी अफवा त्या भागात कित्येक दिवस होती. अफवा म्हणजे पेपर बंद असताना निघालेला मथळाच. तिच्यावर संपादक नसतो, तारीख नसते, आणि दुसऱ्या दिवशी ती बोंबलाखालीही जात नाही.

फोन सुरू झाले. मुंब्र्याचे मामू विचारत होते, ‘‘तुम्ही ठीक आहात ना?’’ या वेळी ‘‘ती सरावली दुसरी’’ म्हणून भागणार नव्हतं. मग एका मैत्रिणीचा फोन आला. बी.एड.ला आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. ती म्हणाली, ‘‘अगं, तुमच्याकडे काय झालं हे? व्हिडिओ पाहिलास का? नीट ऐक, त्यात एकजण ‘शोएब’ म्हणून हाक मारतोय.’’

‘‘ऐकला,’’ मी म्हणाले.

‘‘मग?’’

‘‘मला ‘ओय बस’ ऐकू आलं.’’

‘‘तुला तसंच ऐकू येणार ना,’’ ती म्हणाली. रागाने नाही. अगदी समजून घेतल्यासारखं म्हणाली. तेच मला जास्त लागलं.

मी तो आवाज कानाला यंत्र लावून पुन्हा पुन्हा ऐकला. माझा धंदाच तो आहे. शीन कुठे, सीन कुठे, ऐन घशातून कसा काढायचा, हे मी रोज पस्तीस मुलांकडून घोटून घेते. उर्दूत एका नुक्त्याने काय होतं ते आम्ही पहिल्याच महिन्यात शिकवतो. नुक्ता डोक्यावर असला तर ‘खुदा’, तोच पोटात उतरला तर ‘जुदा’. जुने कातिब पेपर हाताने लिहीत तेव्हा एक माशी कागदावर बसून गेली तरी बातमीचा अर्थ बदलेल, असा विनोद होता. ‘ओय बस’ उर्दूत लिहिलं तर एकच नुक्ता लागतो, ‘बे’च्या खालचा. ‘शोएब’ लिहायला सहा लागतात. म्हणजे लोकांनी पाच नुक्ते आपल्या पदरचे घातले होते. इतके नुक्ते माशीकडून पडत नाहीत.

२२ एप्रिलला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नाही, असं सांगितलं. व्हिडिओतला शब्द ‘ओय बस’ आहे, हेही त्यांनी सांगितलं. सरकारला शब्दोच्चाराचा खुलासा करावा लागला, असा तो दिवस होता. एका अफवेने तीन निरपराध माणसांचा जीव घेतला. दुसरी अफवा त्यांच्या मरणावर स्वार होऊन निघाली आणि ती तीन माणसं तिच्या मागे धुळीत राहून गेली. त्यांच्याबद्दल शोक करायला आम्हाला उसंतच मिळाली नाही. आम्ही आधी आपलं नाव त्या यादीत नाही, हे सिद्ध करत बसलो. माझी या सगळ्या मथळ्यांबद्दलची सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे, की शेजारी रडण्याचा आमचा हक्कही त्यांनी त्या आठवड्यात काढून घेतला.

मैत्रिणीने त्यानंतर तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात मात्र येऊ लागला. मराठीत माफीचे जे अनेक प्रकार आहेत, त्यातलाच हा एक असं मी समजते. मीही गुलाब पाठवते. आमचं पूर्वीसारखं चाललं आहे, फक्त दोघींमध्ये आता फुलं पुष्कळ झाली आहेत.

मरकजच्या मथळ्यांचंही पुढे काय झालं ते सांगते. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांविरुद्ध वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून मोठा प्रचार झाला, संकटाच्या काळात बळीचा बकरा शोधला गेला, अशा अर्थाचे शब्द निकालपत्रात आहेत. एप्रिलची बातमी वाचायला मला चष्मा लागला नव्हता. ऑगस्टची शोधायला लागला.

पूर्वी मथळ्याची किंमत लिहिणारा मोजत असे. ‘दिल्ली उर्दू अखबार’ चालवणारे मौलवी मुहम्मद बाकर यांना १८५७ मध्ये इंग्रजांनी ठार केलं. १८९७ मध्ये ‘केसरी’ने विचारलं, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’, आणि त्याच वर्षी ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाची अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एकाचा पेपर उर्दू, दुसऱ्याचा मराठी, पण दोघांनी आपल्या शब्दाचं बिल आपण भरलं. आता लिहिणारा संध्याकाळी घरी जातो आणि बिल ज्याच्या नावावर फाडलं जातं, तो भाजीची गाडी ढकलत असतो. त्याला तर तो मथळा वाचताही येत नाही.

म्हणून माझी सगळ्या संपादकांना, मराठी आणि उर्दू दोन्ही, एक नम्र सूचना आहे. पेपरात राशिभविष्य असतं, म्हणजे उद्या काय होणार ते. शेजारी आणखी एक चौकट टाकावी, ‘मग काय झालं?’ जागा फार लागणार नाही. ज्योतिषाची निम्मी पुरे. भाषा शुद्धिपत्राची ठेवावी. कुणाचा अपमान नको, रडारड नको. माझ्या वर्गातल्या मुलांनी तिचा नमुना तयारही केला आहे. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.

‘फेब्रुवारी १९६२ मध्ये जग बुडणार, असे कळले होते. बुडाले नाही. वाचकांनी राहिलेली उधारी द्यावी.’

‘जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब घरावर पडणार होते. ते ऑस्ट्रेलियात पडले. कौले बदलण्याची गरज नाही.’

‘ऑगस्ट २००६ मध्ये समुद्र गोड झाला होता. तो आता खारट आहे. पोट बिघडले असल्यास डॉक्टरांना दाखवावे.’

‘बुलेट ट्रेन २०२२ मध्ये येईल, असे २०१७ मध्ये सांगितले होते. प्रवाशांनी तोपर्यंत लोकलने जावे.’

‘वाढवणला बंदर येत आहे. हा बंदर केळी खात नाही. काय खाईल, ते मच्छीमारांना विचारून छापू.’

शेवटची ओळ एका मुलीने लिहिली आहे. २०२० मध्ये ती बालवाडीतही नव्हती, हे सगळं तिने घरात ऐकलेलं. ती ओळ मी तिच्याच शब्दांत देते, ऱ्हस्व-दीर्घही तपासलं नाही, कारण चूक नव्हतीच: ‘एप्रिल २०२० च्या बातमीत जिथे जिथे शोएब ऐकले असेल, तिथे ओय बस असे वाचावे, आणि जे तिघे मेले त्यांच्यासाठी थोडा वेळ गप्प बसावे.’